चौदा पूर्ण

८ सप्टेंबर, सोमवार

अभिनंदन! माझी मुलगी मोठी झाली. मला ही बातमी आज दहिवडीच्या ऑफिसात कळली.

फलटणचा आमचा कपड्यांचा कारखाना उन्हाळ्यात बंद पडला, तेव्हापासून मला बेरोजगार भत्ता मिळतो. आतापर्यंत महिन्यातून एकदा जायचं, जिवंत आहे आणि बेकार आहे एवढं दाखवायचं आणि परत यायचं. आज मॅडमनी नवा नियम वाचून दाखवला. ज्यांचं धाकटं मूल चौदाच्या आत आहे त्यांना सूट. ज्यांचं चौदा पूर्ण, त्यांनी रोज नेमून दिलेल्या कामावर हजर राहायचं. महिन्यात तीन खाडे झाले की भत्ता बंद. शिवाय कारखान्याची नवी शेड सुरू होईल तेव्हा मशीनवर आधी घ्यायच्या बायकांची यादी आहे, तिच्यातूनही नाव जाणार.

"मूल मोठं झालं की आईला मोकळा वेळ असतो ना," मॅडम म्हणाल्या. त्यांचं मूल केवढं आहे ते विचारायचं राहून गेलं. पाळण्यात असावं.

गरोदर बायकांना सूट, आजारी माणसांना सूट, साठीवरच्यांना सूट. एवढं सगळं ऐकून घेतलं आणि सही केली.

सोनिया शाळेच्या दाखल्यावर एक जूनला चौदा पूर्ण झाली. खरं म्हणजे येत्या कार्तिकात तिला तेरा पूर्ण होतील. पण खऱ्याला ऑफिसात कोण विचारतो!

९ सप्टेंबर

एक जून. आमच्या वस्तीवर सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी असतो. ज्यांना तारीख सांगता येत नाही त्यांना गुरुजी शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख चिकटवतात. केक आणायचा म्हटला तर एकातच सगळी वस्ती उरकेल.

सोनियाला शाळेत घालायला आत्याबाई गेल्या होत्या. माझ्या सासूबाई, रंगुबाई. मी तेव्हा कारखान्यात नवीन होते, रजा मिळेना. गुरुजींनी विचारलं, वय काय? यांनी ठोकून दिलं — सहा! पोरगी साडेचारची, नाक पुसायची अक्कल नाही. गुरुजी म्हणाले, एवढीशी? तर म्हणे, "आमच्यात समदी अशीच बुटकी असत्यात."

इतकी वर्षं घरात या गोष्टीवर हसत आलो. शाळेत खिचडी मिळते, तेवढीच पोर दुपारची जेवेल, असा म्हातारीचा हिशोब असणार. आज मी त्यांना सांगितलं, तुमच्या त्या सहामुळे माझी सूट गेली. मिश्री लावता लावता म्हणाल्या, "मंग? दीड वर्सानं काय आभाळ कोसाळतंय व्हय?"

कोसळलंय. त्यांच्या अंगावर नाही, एवढंच.

१२ सप्टेंबर

कार्तिकी पुनवेनंतर मेंढरं घेऊन कुंडलकडे उतरायचं, हे आमचं दरवर्षीचं. तिकडं उसाचा मुलूख, पाणी, हिरवं. इकडं माण तालुक्यात तोवर दगडच उरतात. तळावर बाई लागतेच. सकाळी घोडीवर बिऱ्हाड लादायचं, मेंढरांच्या आधी पुढच्या रानात पोचायचं, चूल मांडायची, कोकरं सांभाळायची. मी कारखान्यात होते तेव्हा माझी जाऊ जायची. यंदा दीर-जाऊ त्यांच्या वाटणीची मेंढरं विकून मुंबईला गेले.

म्हणून ठरलं होतं की मी जायचं. सोनियाची नववी, तिनं आत्याबाईंजवळ घरी राहायचं. झकास ठरलं होतं. आता मी गेले तर खाडे. राहिले तर तळाला बाई नाही.

रात्री जेवताना आत्याबाई म्हणाल्या, "सोनियाला धाडा की मंग. पोर मोठी झालीया आता." सरकार आणि माझी सासू, दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं! पेढे वाटायला हवेत.

सोनियानं ताटातून मान वर केली. "मोबाईल मागिटला की मी ल्हान. मेंढरामागं जायाला मोठी व्हय?" आमचे हे — बिरदेव — भाकरी मोडत राहिले. त्यांचं सगळं बोलणं मेंढरांशी होतं, आमच्या वाट्याला उरत नाही.

१५ सप्टेंबर

कामाचा पहिला दिवस. नेमणूक अनुभव बघून केली आहे म्हणे!

शिलाईशिवाय काय येतं, असं मॅडमनी विचारलं होतं. मी म्हटलं, मेंढरं राखता येतात. तर म्हणाल्या, ते आमच्या रकान्यात नाही, म्हणजे ते काम धरता येत नाही. बरं. पण ऐकून मात्र ठेवलं बाईनं. सडकेच्या कडेनं करंज, लिंब, चिंच अशी रोपं लावली आहेत. ती मेंढरांनी खाऊ नयेत म्हणून राखण करायला मला बसवलं. रोपांभोवतीच्या जाळ्या मंजूर आहेत, आल्या नाहीत. तोपर्यंत जाळीच्या ठिकाणी मी.

धनगराची सून मेंढरं हाकलायला! संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर हे हसले. मोठ्यानं हसले. यंदा पहिल्यांदाच.

१७ सप्टेंबर

हजेरी म्हणजे फोटो. सकाळी एक, दुपारी एक. मुकादम लालासाहेब, माणूस वाईट नाही, पण रेंज फक्त ओढ्यापलीकडच्या टेकाडावर येते. म्हणजे झाडं इकडं, हजेरी तिकडं. आम्ही चौघीजणी फोटोसाठी टेकाड चढतो, तेवढ्यात खाली शेरडं ताव मारतात.

"वैनी, वर बगा. डोळं मिटू नगा, न्हाईतर फोनला वाटतंय तुमी आलाच न्हाई."

डोळे उघडे ठेवले की मी हजर. याहून सोपं काम जगात नसेल.

२२ सप्टेंबर

काल रविवार होता, म्हणून कुंडलला जाऊन आले. सोनियाचा जन्म तिथला. लीलाबाईंच्या रानात आमची मेंढरं दरवर्षी खतासाठी बसतात. त्या साली दुष्काळ, म्हणून तळ दसऱ्यालाच उतरला होता. त्यांच्याच बांधावर, उसाच्या कडेला मला कळा आल्या आणि लीलाबाईंनीच नाळ कापली. दवाखाना नाही, नोंद नाही. म्हटलं त्यांनी खरं साल सांगितलं तर काम होईल.

बाईंना सगळं आठवतं! "आगं, इसरंन कशी? कार्तिकातली पुनव जवळ आल्ती. आन त्याच राती आमची म्हस व्याली न्हवं का! एकीकडं तू, एकीकडं म्हस. आमच्या ह्यास्नी कळंना कुणाकडं पळावं." मग म्हशीची पुढची सगळी वेतं ऐकली, त्या रेडीचं काय झालं ते ऐकलं, चहा दोनदा झाला. साल विचारलं तर म्हणाल्या, "आमचा वीरधवल भरती झाला त्याच्या किती आदी गं… त्यालाच इचार."

वीरधवल रजेवर आला होता. फौजी. कडक माणूस. "नो टेन्शन, वैनी. ऍफिडेव्हिट करू. आई, साइन कर." त्यानं सगळं हिशोबात बसवलं, दोन हजार बारा काढलं, बरोबर काढलं. लीलाबाई वाचून म्हणाल्या, म्हशीचंबी लिव. खोटं वाटाया नगं.

त्यानं लिहिलं.

२४ सप्टेंबर

मॅडमनी कागद वाचला. मग परत वाचला. मग शेजारच्या टेबलावर दिला. तिथूनही हसण्याचा आवाज आला.

"पुरावा म्हणून म्हैस?"

मी म्हटलं, लीलाबाईही आहेत. तर म्हणे शाळेची नोंद हीच नोंद. ती बदलायची तर शाळेचा अर्ज, वरचं ऑफिस, मग कोर्ट. करा की, कोण नको म्हणतंय. तोपर्यंत हजेरी चालू ठेवा.

कोर्टाचा निकाल लागेपर्यंत सोनियाच्या मुलीला चौदा पूर्ण होतील.

२ ऑक्टोबर

दसरा. सोनं वाटलं. सगळ्यांना सुट्टी, आम्हाला हजेरी. मेंढरांना दसरा कळत नाही असं मुकादम म्हणाले. खरं आहे.

८ ऑक्टोबर

आज माझ्या नोकरीतला सर्वात मोठा प्रसंग! हे सडकेनं आमचीच मेंढरं घेऊन आले. मी काठी उगारून उभी, सरकारी तोऱ्यात. सगळी गुमान गेली. एक तेवढी कळपातून फुटली आणि सरळ माझ्याकडे धावत आली. गेल्या साली आई मेली म्हणून मी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. आली, पदरात तोंड घातलं, आणि मग उभ्या उभ्या चिंचेचं रोप मुळापर्यंत खाल्लं.

लालासाहेब टेकाडावरून ओरडले, "वैनी, कुनाचं मेंढरू हाय त्ये?"

"ओळखीचं नाही," मी म्हटलं. मेंढी माझा हात चाटत होती. लालासाहेबांनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि रोप वाळलं असं लिहून टाकलं. म्हटलं ना, माणूस वाईट नाही.

१२ ऑक्टोबर

आत्याबाईंनी सोनियाची पाठवणी मनावर घेतली आहे. कुणी सांगितलंय यांना? माळ्यावरून घोडीचं सामान काढलं. दोर नव्यानं वळले. फाटलेलं घोंगडं दुपारभर शिवत बसल्या. काल बाजारातून वहाणा आणल्या, तळावर चालायच्या, जाड तळाच्या, कोपऱ्यात ठेवल्या. मी बघितल्या. सोनियाचं पाऊल त्यात दोनदा मावेल! नातीच्या पायाचं मापसुद्धा बाईला ठाऊक नाही, आणि तिला धाडायला निघाली आहे.

आणि भक्ती बघा. गुडघ्यांच्या नावानं घरातला हंडा उचलत नाहीत, पण महिनाभर रोज पहाटे टेकडीवर बिरोबाला जाऊन येतात. देव वर असला की गुडघे दुखत नसतील.

१४ ऑक्टोबर

म्हातारीला मोबाईल शिकायचा आहे! सोनिया शिकवते, हिरवं दाबायचं, लाल दाबायचं. "आजे, हिरवं म्हंजे उचालनं." "मला रंग कळत्यात गं, आंधळी न्हाई मी."

हिला कुणाचा फोन येणार आहे? कलेक्टरचा?

१८ ऑक्टोबर

आज टोमणा सुचत नाही.

सोनिया दप्तर आवरत होती. सुट्टी लागलीय, आवरायचं काही नव्हतं. मला म्हणाली, "आय, तळावर वह्या भिजत्यात का गं?"

मी म्हटलं, का? तर म्हणाली, "न्हाई, प्लास्टिकात घालून नेल्या तर. वर्गातली पोरगी फोटो काढून धाडती म्हणाली धडे. मी जाईन, आय. तू मशीन सोडू नगंस."

वर्गात ती सगळ्यांत बुटकी, पहिल्या बाकावर. खो-खोत तिला कुणी घेत नाही, गणितात मात्र सगळ्या तिच्याकडून उतरवून घेतात. दीड-दोन वर्षांनी मोठ्या पोरींत बसून पोरगी आतापर्यंत पोचली. आणि आता प्लास्टिकात वह्या.

मी बाहेर जाऊन रडले. सोनियाला दिसायला नको म्हणून घोडीच्या आडोशाला गेले, तर तिथं आत्याबाई घोडीला गूळ चारत होत्या. त्यांनी मला बघितलं. गूळ चारत राहिल्या. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की तो लिहून ठेवायचीही लाज वाटते.

२२ ऑक्टोबर, पाडवा

ओवाळून झालं, जेवणं झाली, मग भांडण झालं. सणाचं सगळं रीतसर.

मी ह्यांना म्हटलं, तोंड उघडा, पोरीला नेणार आहात का? हे म्हणाले, "तू म्हनशील तसं." छान. मी म्हणेन तसं कधी झालंय?

आत्याबाईंना म्हटलं, तुम्हीच वय वाढवलंत, आता तुम्हीच तिला शाळेतून काढताय. बाई शांत. "तू हजेरीला जात ऱ्हा. खाडं करू नगंस. पोरीचं म्या बगती."

काय बघणार ते कोपऱ्यातल्या वहाणा सांगतातच. बोलायला म्हणून मी तोंड उघडलं, पण शेजारी फराळाला आले. मग सगळ्यांनी हसून चिवडा खाल्ला.

३० ऑक्टोबर

ठरवलं. मी जाणार.

मंगळवारी ऑफिसात जाऊन भत्ता सोडल्याचं लिहून देते. गुरुवारी, पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, तळ हलणार. सोनिया शाळेत जाईल, आत्याबाई घरी. दोघी एकमेकींना सांभाळतील किंवा भांडतील, त्यांचं त्या बघतील. भत्त्याशिवाय घर कसं चालेल, ते हेही सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही.

मॅडमना आनंद होईल, एक बेकार कमी झाली.

मला ती मशीन हवी होती. हे घरात म्हणायची सोय नाही, म्हणून इथं म्हणते. शर्टाची कॉलर बसवायला अख्ख्या लायनीत माझ्यासारखा हात कुणाचा नव्हता. पंखा डोक्यावर, पाय कोरडे, संध्याकाळी बसनं घरी. पुन्हा यादीत नाव लागायचं नाही. माझं वय काय, ते कागदावर वेगळं आणि कंबरेत वेगळं आहे.

जेवताना सगळ्यांना सांगितलं. ह्यांनी मान हलवली. सोनिया रडली. आत्याबाई हात धुऊन घोडी बघायला गेल्या.

२ नोव्हेंबर, रविवार

माझं गाठोडं बांधून झालं. आत्याबाईंनी कधी नव्हे ते पुरण घातलं. कशाला म्हटलं तर म्हणाल्या, "पोरीला तेरा झाली. कागुद काय बी म्हनू द्या." सोनियाच्या खऱ्या वाढदिवसाला आमच्या घरात पहिल्यांदा गोड झालं. हे जरा जास्तच गप्प होते. मला पोळी वाढताना आत्याबाईंनी तूप हात सैल सोडून घातलं. मला वाटलं, टोचणी लागली असेल मनाला.

उद्या सोनियाची शाळा सुरू. उद्याची हजेरी, मग परवा ऑफिस.

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळचा फोटो काढून टेकाडावरून उतरत होते. सडकेला धूळ दिसली. आमची मेंढरं — गुरुवारी निघायची ती आजच! सोनियाला मी स्वतः शाळेच्या कपड्यांत पाठवलं होतं, तरी घोडीपुढं कोण आहे ते बघायला धावत सुटले.

दोर आत्याबाईंच्या हातात होता. पायात त्या वहाणा. मापाला अगदी बरोबर.

"तू बोंबलशील म्हून आदीच निगालो," त्या म्हणाल्या. थांबल्या नाहीत. "पोर मेंढरामागं हिंडू नये, बिगीनं शाळंत बसावी, म्हून म्या वय वाडवून सांगिटलं हुतं. त्येच आडवं आलं. सोनियाला धाडा म्हनून गेली खरी, पर त्याच राती ठरिवलं, म्याच जानार. जा, झाडं राख. राती फोन कर, हिरवं दाबती."

घोडीनं जाता जाता एका करंजाचा शेंडा तोडला. लालासाहेब म्हणाले, "वैनी, बगितलं का?" नाही म्हटलं. मला खरंच काही दिसत नव्हतं.

साठीवरच्यांना कामातून सूट आहे.